विंडोज १० वरून ११ वर जाताना: चार इमलीतल्या मराठी घरांनी आधी काय तपासावं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, फाइली गेल्या नाहीत, इंटरनेटही चालू राहिलं. त्यामुळे पुष्कळ घरांत 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा' असं म्हणून विषय तिथेच राहिला. काहींनी मात्र लगेच दुकानदाराला बोलावून विंडोज ११ टाकून घेतलं आणि मग लक्षात आलं की गेल्या पंधरा-वीस वर्षांचं मराठी लिखाण उघडतंय, पण वाचता येत नाही.

भोपाळच्या चार इमलीसारख्या वसाहतीत या दोन्ही तऱ्हा दिसतात. तेच प्रश्न पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूर आणि इकडे गोंदिया, अमरावतीपर्यंतच्या मराठी घरांत आहेत. म्हणून ही माहिती एका ठिकाणी. सगळ्या लेखाचं सार एका वाक्यात सांगायचं तर: अपग्रेडचं बटण दाबणं सोपं आहे, अवघड आहेत त्या तीन गोष्टी, म्हणजे जुन्या फॉन्टमधलं मराठी, डिजिटल सही आणि डिस्कच्या कुलुपाची किल्ली. त्या आधी सांभाळा, मग बटण दाबा.

नेमकं काय संपलं

विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला आलं. त्याआधी एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला होता. म्हणजे हा प्रसंग नवा नाही, दर पाच-सहा वर्षांनी येतोच. विंडोज ११ बाजारात आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला.

सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेतली नवी भोकं बुजवणारे मोफत अपडेट येणं थांबलं. याचं महत्त्व मे २०१७ मध्ये जगाला कळलं होतं. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने ज्या भोकातून शिरकाव केला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. आज विंडोज १० वर काही न करता बसणाऱ्याची अवस्था दर महिन्याला थोडी थोडी तशी होत जाते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. त्याच तारखेला ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चाही सपोर्ट संपला. आपल्याकडे घरोघरी वर्ड आणि एक्सेल हेच आहेत. तेव्हा नुसतं विंडोज बदलून काम पूर्ण होत नाही.

चार इमलीतलं चित्र

ज्यांना भोपाळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चार इमली म्हणजे अरेरा कॉलनीच्या शेजारची, एकांत पार्कजवळची सरकारी बंगल्यांची वसाहत. मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी इथे राहतात. वल्लभ भवन, सातपुडा भवन, विंध्याचल भवन ही राज्य सरकारची मोठी कार्यालयं जवळच. भोपाळच्या सरकारी जगात मराठी कुटुंबं जुनी आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरची राजधानी गेली, तेव्हा सचिवालयातले अनेक मराठी कर्मचारी घरदार घेऊन इकडे आले. त्यांची पुढची पिढी आज भोपाळभर पसरली आहे.

अशा घरांत साधारणपणे दोन तऱ्हेचे संगणक असतात. एक कार्यालयाचा. त्याचं अपग्रेड खातं किंवा त्यांचा तंत्रज्ञ करतो, आपण त्याला हात लावायचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून मध्य प्रदेशच्या मंत्रालयात ई-ऑफिस सुरू झालं, त्यामुळे तिथे फाइल, टिपणी, सही सगळं स्क्रीनवर. दुसरा संगणक घरचा: मुलांच्या शिकवणीचा, आईच्या बँकेचा, बाबांच्या लिखाणाचा, आणि कोणी मंडळाचं काम बघत असेल तर गणेशोत्सवाच्या पावत्यांचा, सभासदांच्या यादीचा. या दुसऱ्या संगणकाचा वाली कोणी नसतो. खरी अडचण त्याचीच आहे.

सरकारी क्वार्टरमध्ये बदली आणि निवृत्ती हाही भाग असतो. सामान हलवताना 'आता नवीनच घेऊ' म्हणून जुना संगणक दहा नंबर मार्केटच्या नाहीतर एमपी नगरच्या दुकानात बदलून टाकला जातो. त्यात काय होतं, कोणत्या फॉन्टमध्ये होतं, हे नंतर आठवतं.

आपला संगणक बसतो का

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडी रायझन असेल तर साधारण २००० मालिकेपासून पुढचा.

इंटेलची पिढी ओळखणं सोपं आहे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हनच्या पुढचा आकडा बघा. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी नवे घेतलेले बहुतेक लॅपटॉप यात बसतात. २०१६-१७ च्या आधीचे बहुतेक बसत नाहीत. खात्री करायला मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप आहे. ते हो किंवा नाही सांगतं आणि नाही असेल तर कारणही सांगतं.

'टीपीएम सापडत नाही' असा संदेश आला की घाबरून नवा संगणक घेऊ नका. पुष्कळदा चिप असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलमध्ये तिचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. ती चालू केली की काम होतं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती जीपीटीमध्ये बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे, पण हे काम बॅकअप घेतल्याशिवाय आणि जाणकार माणसाशिवाय करू नये.

कागदावरची किमान गरज आणि रोजचा वापर यात फरक आहे, हेही लक्षात घ्या. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर विंडोज ११ बसतं, पण चालत नाही, रांगतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर बहुतेकांचा अनुभव ठीक आहे. 'नवीन विंडोजने संगणक मंद झाला' या तक्रारीमागे पुष्कळदा जुनी हार्ड डिस्क असते.

पहिल्या आठवड्यात काय होतं

सुरुवातीची चिडचिड दिसण्यावरून होते. स्टार्टचं बटण मधे आलेलं असतं. सेटिंग्जमध्ये टास्कबारचं अलाइनमेंट डावीकडे करता येतं, दोन मिनिटांचं काम. उजवं क्लिक केलं की पूर्वीची लांब यादी दिसत नाही. 'शो मोअर ऑप्शन्स' दाबलं, किंवा शिफ्ट धरून एफ-टेन दाबलं, की ती येते. वयस्कर माणसांना हे एकदा कागदावर लिहून द्यावं. सवय व्हायला आठवडा लागतो, त्याहून जास्त नाही.

दुसरा अनुभव जास्त गोंधळाचा. 'डेस्कटॉपवरच्या फाइली गेल्या!' खरं तर त्या गेलेल्या नसतात. सेटअप करताना वनड्राइव्हचा बॅकअप चालू झालेला असतो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेले असतात. मोफत जागा फक्त ५ जीबी. लग्नाचे फोटो त्यात मावत नाहीत, मग जागा संपल्याचे इशारे सुरू होतात. फाइली शोधायच्या तर आधी वनड्राइव्हचं फोल्डर बघा, आणि बॅकअप नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून फोल्डरवार बंद करा. घाईत 'डिलीट' करू नका. तिथे पुसलं की दोन्हीकडून पुसलं जातं.

तिसरा: इंटरनेट एक्सप्लोरर विंडोज ११ मध्ये नाहीच. काही जुन्या सरकारी साइट्स अजून त्यावरच नीट चालतात. त्यासाठी एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे.

आणि मन बदललं तर? वरच्यावर अपग्रेड केलं असेल तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथून 'गो बॅक' करून विंडोज १० वर परत येता येतं. ते दिवस उलटले की जुन्या विंडोजच्या फाइली आपोआप पुसल्या जातात. म्हणून प्रिंटर, सही, मराठी टायपिंग, टॅली हे सगळं पहिल्या आठवड्यातच तपासून घ्यावं.

जुनं मराठी: खरी जोखीम इथे आहे

आता मुख्य मुद्दा. भोपाळमध्ये मराठी माणसाचं लिखाण सहसा तीन जागी अडकलेलं असतं.

पहिली जागा क्रुतिदेव. मध्य प्रदेशात हिंदी टायपिंग पिढ्यानपिढ्या रेमिंग्टनच्या पद्धतीने झालं आणि संगणकावर क्रुतिदेव आला. कार्यालयात हिंदी त्यात टाइप करणाऱ्याने घरी मराठीही त्यातच केलं. दुसरी जागा श्रीलिपी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. छापखाने, साप्ताहिकं, लग्नपत्रिका, संस्थांची स्मरणिका हे सगळं यात. तिसरी जागा सी-डॅकचं आयएसएम आणि त्याचे डीव्हीबी-टीटी नावाने सुरू होणारे फॉन्ट. महाराष्ट्रातल्या सरकारी कामात हे फार चाललं, त्यामुळे नागपूर-अमरावतीकडून आलेली कागदपत्रं यात सापडतात.

या तिघांत साम्य एक. त्यांतलं मराठी दिसायला मराठी आहे, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नाही. उदाहरण घ्या. क्रुतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये साठतं ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. क्रुतिदेवचा फॉन्ट या इंग्रजी अक्षरांच्या जागी म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असं चित्र दाखवतो. फॉन्ट नाहीसा झाला की चित्र जातं आणि उरतात ती पाच इंग्रजी अक्षरं. श्रीलिपी आणि डीव्हीबी फॉन्टची संकेतावली आणखी वेगळी, म्हणून एकाची फाइल दुसऱ्यात उघडत नाही.

युनिकोडचं तसं नाही. त्यात 'म' ला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट कोणताही असो, 'म' हा 'म' च राहतो. व्हॉट्सॲपवर, मोबाइलवर, या बातम्यांच्या पानावर तुम्ही वाचता ते सगळं युनिकोड आहे.

मग अपग्रेडने नेमकं काय बिघडतं? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. विंडोज १० च्या वरच विंडोज ११ टाकलं, फाइली आणि ॲप्स ठेवा असं निवडलं, तर टाकलेले फॉन्ट सहसा जागेवर राहतात. पण दुकानदार बहुधा तसं करत नाही. तो फॉरमॅट मारतो, कारण ते त्याला लवकर आणि सोपं पडतं. 'डेटा काढून ठेवलाय काका' असं तो सांगतो आणि ते खरंही असतं. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो सगळं पेन ड्राइव्हवर असतं. पण फॉन्ट हे विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, ते 'डेटा'त धरले जात नाहीत. फॉरमॅटबरोबर ते जातात. नवा संगणक घेतला तरी तेच.

श्रीलिपी आणि आयएसएममध्ये आणखी एक अडचण असते: त्यांच्या जुन्या प्रती लॉकवर, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या हार्डवेअर किल्लीवर किंवा त्या त्या संगणकाच्या नोंदणीवर चालतात. मूळ सीडी, लॉक आणि नोंदणी क्रमांक हाताशी नसताना फॉरमॅट म्हणजे टाइप करण्याची सोयही गेली. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही. ३२-बिट प्रोग्राम त्यावर चालतात, पण ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत. जुन्या लॉकचा ड्रायव्हर तसा असला तर लॉक ओळखलंच जात नाही.

साप्ताहिक किंवा स्मरणिका काढणाऱ्यांचं दुखणं पेजमेकर. त्याची शेवटची आवृत्ती ७, ती या शतकाच्या सुरुवातीची. त्या फाइली ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये उघडायच्या तर सीएस६ पर्यंतच्या आवृत्तीतच उघडतात, नंतरच्यांत नाही. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे अंक पेजमेकरमध्ये आहेत त्यांनी जुना संगणक मोडीत काढूच नये. इंटरनेट तोडून तो फक्त या कामासाठी ठेवावा. नेटला न जोडलेल्या संगणकावर सपोर्ट संपल्याने बाहेरून धोका फारसा येत नाही. फक्त पेन ड्राइव्ह तपासून लावावा.

जुनं मराठी वाचवायचा क्रम असा ठेवा:

१. जुन्या संगणकावर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून क्रुतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी जे असतील ते सगळे फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे त्याची यादी करा.

२. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ बनवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, म्हणून ती कुठेही नीट दिसते. तिच्यात मराठी शब्द शोधता येणार नाही, पण वाचता येईल आणि छापता येईल. वेळ कमी असेल तर निदान एवढं तरी कराच.

३. मग सवडीने युनिकोडमध्ये बदला. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फुकट आणि विकतचेही. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करा. खाजगी कागद, मृत्युपत्र, बँकेचे तपशील कोणत्याही ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकू नका.

४. बदललेला मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे. क्रुतिदेवचे बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत. ळ, ॲ, आणि 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा ऱ हे आधी तपासा. मजकुरात मधे इंग्रजी नाव किंवा ईमेल पत्ता असेल तर कन्व्हर्टर त्याचंही 'मराठी' करून टाकतो. आकडे आणि तारखा मुळाशी ताडून पाहा.

एक बारीक पण कामाची गोष्ट. युनिकोडमध्ये 'ऱ्या' दोन रीतींनी लिहिता येतं, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह देऊन. दिसायला सारखंच, पण शोधताना एक रीत टाइप केली की दुसरी सापडत नाही. सभासदांच्या यादीत 'गोऱ्हे' नाव मिळत नसेल तर कारण हे असू शकतं. घरात किंवा संस्थेत एकच रीत ठरवून घ्या.

मंगल फॉन्ट कुठे गेला आणि कीबोर्डचं काय

फॉरमॅटनंतर आणखी एक तक्रार येते: फॉन्टच्या यादीत मंगल दिसत नाही. तो आता इंग्रजी विंडोजबरोबर आपोआप येत नाही. विंडोजचा भारतीय भाषांचा मुख्य फॉन्ट निर्मला यूआय आहे. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या गठ्ठ्यात आहेत. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून तो घ्यायचा, किंवा लँग्वेजमध्ये मराठी वा हिंदी जोडली की तो येतो. पैसे लागत नाहीत.

टायपिंगसाठी विंडोज ११ मध्ये मराठीचे दोन कीबोर्ड आतच आहेत. एक इन्स्क्रिप्ट, दुसरा फोनेटिक, ज्यात इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' लिहिलं की मराठी येतं. फोनेटिक हा विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून आहे. ज्यांनी पूर्वी गुगल इनपुट टूल्सचं ऑफलाइन सॉफ्टवेअर वापरलं त्यांनी आता याची सवय करावी, कारण गुगलने ते देणं बंद केलं आहे. विंडोजची खूण असलेलं बटण आणि एच दाबून बोलून लिहिण्याच्या सोयीतही मराठी आहे. तिला इंटरनेट लागतं.

रेमिंग्टनच्या हातांची मात्र गैरसोय होते. विंडोजच्या आपल्या मराठी-हिंदी कीबोर्डांत रेमिंग्टन गेल नाही. मध्य प्रदेशच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टायपिंगला रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट दोन्ही चालतात, म्हणून तयारी करणारी मुलं 'हिंदी इंडिक इनपुट' सारखं वेगळं सॉफ्टवेअर टाकतात. ते जुन्या विंडोजच्या काळातलं आहे. परीक्षा तोंडावर असताना अपग्रेड करू नका, आधी दुसऱ्या कोणाच्या विंडोज ११ वर चालवून बघा. नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकावं हे बरं. तो सगळ्या भारतीय भाषांना जवळपास एकच आहे आणि वेगळं काही टाकावं लागत नाही.

डिजिटल सही, प्रिंटर, स्कॅनर

ठेकेदार, सीए, कंपनीचे संचालक, निविदा भरणारे यांच्या घरी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. सहीची किल्ली टोकनच्या आत असते, संगणकात नाही. म्हणून फॉरमॅटने सही जात नाही. फक्त टोकनचा नवा ड्रायव्हर आणि साइटचं सही करणारं सॉफ्टवेअर परत टाकावं लागतं. एक धोका मात्र आहे. टोकन ओळखलं जात नाही म्हणून कोणी त्याच्या सॉफ्टवेअरमधलं 'इनिशिअलाइज' दाबलं, तर टोकन कोरं होतं आणि सही नव्याने विकत घ्यावी लागते. दुकानदाराच्या पोऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही ठिकाणी स्मार्ट कार्ड पद्धतीची प्रमाणपत्रं जुन्या ३२-बिट प्रोग्रामना दिसेनाशी झाली आणि कागदांवर सही होईना. मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य केली. ती विंडोज १० वरही होती. म्हणजे अपग्रेड न करणारेही सुटले नाहीत. धडा एवढाच: निविदेच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात ना अपग्रेड, ना अपडेट.

जुन्या प्रिंटर-स्कॅनरचं गणित ड्रायव्हरवर आहे. कंपनीच्या साइटवर ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते अपग्रेडच्या आधी बघा. विंडोज ११ मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' हे सुरक्षेचं फीचर काही जुने ड्रायव्हर अडवतं. ते बंद करून प्रिंटर चालवता येतो, पण मग सुरक्षेसाठी केलेल्या अपग्रेडचा अर्थ थोडा कमी होतो.

किल्ली कोणाच्या खात्यात

हा मुद्दा ज्येष्ठांच्या घरी सगळ्यात जास्त नडतो. नव्या विंडोज ११ च्या सेटअपला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. बाबांचं खातं नसतं, म्हणून पुण्याहून सुटीवर आलेला मुलगा किंवा अमेरिकेतली मुलगी आपल्या खात्यावर सेटअप करून देते. त्यात डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये हे आणखी सर्रास झालं आहे.

पुढे कधी बायोस बदललं, मदरबोर्ड दुरुस्त झाला, तर संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती असते सेटअप करणाऱ्याच्या खात्यात. मुलाने ते खातं बंद केलं असेल, पासवर्ड विसरला असेल, तर त्या डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. दुकानदार नाही, मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही.

उपाय साधा आहे. ज्याचा संगणक त्याच्याच नावाचं खातं काढा. सेटअप झाल्याबरोबर त्या खात्याच्या संकेतस्थळावर डिव्हाइसच्या पानावर जाऊन ती की बघा, कागदावर लिहून किंवा छापून बँकेच्या पासबुकाजवळ ठेवा. फक्त संगणकातच ठेवली तर उपयोग नाही.

संगणक बसत नसेल तर

पर्याय चार आहेत.

मुदतवाढ: घरगुती विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज सिंक केली तर पैसे नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड्स गुण, किंवा एकदाच ३० डॉलर किंवा त्या बरोबरीची रक्कम. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून होते, त्याआधी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. संस्था-कंपन्यांना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. शाळांना मात्र पहिल्या वर्षी १ डॉलर. सीमाभागातल्या मराठी शाळांच्या संगणक कक्षांनी ही सवलत जरूर पाहावी.

जबरदस्तीचं विंडोज ११: रूफससारख्या साधनाने अटी वगळून ते टाकता येतं आणि बाजारात सर्रास टाकून देतात. मायक्रोसॉफ्ट अशा संगणकाला अपडेटची हमी देत नाही. शिवाय २४एच२ पासून फारच जुने प्रोसेसर चालतच नाहीत. ज्या संगणकावर बँक आणि सही आहे तिथे हा रस्ता धरू नये.

लिनक्स: उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकचं बॉस फुकट आहे. नेट, व्हिडिओ, युनिकोड मराठी आणि लिब्रे ऑफिस यांसाठी जुन्या संगणकावर उत्तम चालतं. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात. श्रीलिपी, टॅली आणि काही सही टोकन यांची मात्र तिथे अडचण आहे.

नवा संगणक: घेताना जुना लगेच देऊ नका. एक महिना दोन्ही ठेवा. देताना डिस्क पुसून किंवा काढून घेऊन द्या आणि भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

बटण दाबण्याआधी

• बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण बॅकअप. तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघितलेला.
• मराठी फॉन्टचं फोल्डर आणि महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ.
• श्रीलिपी, आयएसएम, टॅली यांच्या सीडी, लॉक, नोंदणी क्रमांक.
• सही टोकनचा पासवर्ड आणि नवा ड्रायव्हर.
• एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर.
• दुकानदाराला स्पष्ट सांगणं: फॉरमॅट नको, वरच्यावर अपग्रेड हवं. फॉरमॅट करावंच लागलं तर आधी फोन करा.
• लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर. अपग्रेड चालू असताना वीज गेली तर अर्धवट विंडोज उरतं.

१२ जून २०२३ ला सातपुडा भवनाला आग लागली आणि सरकारी कागद जळाले, तेव्हा भोपाळने पाहिलं की कागदही कायमचा नसतो. संगणकातलं मराठीही नसतं. फरक इतकाच की कागद जळताना धूर दिसतो. फॉन्ट गेल्याचं कळतं ते थेट एखाद्या दिवशी आजोबांच्या आठवणींची फाइल उघडल्यावर. म्हणून यातलं फॉन्टचं आणि पीडीएफचं काम या रविवारीच उरका. विंडोज ११ पुढच्या महिन्यात टाकलं तरी चालतं.